प्रभुभोजनाचा रस

तो माणूस आठवला की अजून माझी मान खाली जाते.

दारू सोडलेल्याचा पाय पुन्हा घसरू नये, म्हणून आमच्या मेथॉडिस्ट मंडळीत प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणविधीला, वाइनऐवजी द्राक्षांचा उकळलेला रस देत. सत्तरच्या दशकात सांगलीच्या चर्चमध्ये ते काम माझ्याकडे होतं. एकदा मी उकळायचा कंटाळा केला. रस आंबला, तेव्हा त्यात साखर ढवळली.

त्या रविवारी साताऱ्याकडचा एक अनोळखी, निवृत्त फौजी आला होता. त्यानं पेला उचलला, हुंगला आणि थेंबही न सांडता माझ्या तबकात परत ठेवला.

“सोडून दोन वर्सं झाली, बाई,” तो हळूच म्हणाला. “तुमचा दोष न्हाई, पर ह्यो वास मला वळखतो.”

टोपी छातीशी धरून तो पायऱ्या उतरला. पुन्हा आला नाही.

उपासनेनंतर पाळकीणबाई, आमच्या धर्मगुरूंच्या पत्नी, म्हणाल्या, “आज रस छान गोड झाला होता हं!”

मी हसून मान डोलावली.