एकशे बारा मीटरवरचा समुद्र

शनिवारी सकाळी सहा वाजून बेचाळीस मिनिटांनी वॉल्टर तुस्कानोचा ड्रोन विरार पश्चिमेच्या एका बांधकामावर, बावन्न मीटर उंचीवर थांबला होता. खाली इमारतीचे चारच स्लॅब टाकून झाले होते. सतरावा मजला अजून हवेतच होता. त्या मजल्याच्या खिडकीतून काय दिसेल, ते गिऱ्हाइकांना दाखवायचं होतं. स्क्रीनवर समोरच्या टॉवरची गच्ची दिसत होती, पाण्याच्या सहा काळ्या टाक्या आणि वाळत घातलेली एक सतरंजी.

"समुद्र कुठाय?" बिल्डरच्या विक्री विभागातला हर्षवर्धन खांद्यावरून वाकून म्हणाला.

"टॉवरच्या मागे."

"मग वर घ्या ना."

वर घ्यायला हरकत नव्हती. विमानतळाच्या आसपास साठ मीटरची मर्यादा, त्याहून जवळ तर परवानगीशिवाय ड्रोन उडवताच येत नाही. पण इथला भाग सरकारी नकाशात हिरवा. एकशे वीस मीटरपर्यंत मुभा. होळी गावचा, आगाशीच्या बाजारात फोटो स्टुडिओ चालवणारा वॉल्टर या आकड्याला फार जपायचा. चार वर्षांपूर्वी आगाशीच्या एका लग्नात मांडव आणि अर्नाळ्याचा किल्ला एकाच फोटोत यावेत म्हणून वरपक्षाने "अजून वर, अजून वर" असा धोशा लावला होता. वॉल्टर एकशे अठरावर थांबला. "एवढा घाबरतोस तर पतंग उडव," नवऱ्याचा मामा म्हणाला. वॉल्टरने ड्रोन उतरवला, बॅटरी काढली आणि सरळ पंगतीत जाऊन बसला. ही गोष्ट पुढे तो स्वतःच सांगायचा, जरा जास्तच वेळा.

एकशे बारावर टाक्या खाली गेल्या आणि समुद्र आला. किल्ल्याचं बेट, त्यापलीकडे होड्या.

"हाच! सतरावा मजला म्हणून लावू."

"हा सदतिसावा होतो. तुमची इमारत बावीसची आहे."

"कायदा मोडलात का तुम्ही?"

"नाही."

"मग झालं तर. फोटो तुमचा, खाली काय लिहायचं ते आमचं."

वॉल्टरने नाश्त्याआधी फोटो पाठवून दिले. एकशे वीस ओलांडले नव्हते, एवढं त्याने मनाशी दोनदा म्हटलं.

तीन आठवड्यांनी, गुरुवारी दुपारी, स्टुडिओत यमुना मेहेर आणि प्रल्हाद मेहेर आले. त्या लग्नातली नवरी यांचीच मुलगी. यमुना माहेरची अर्नाळ्याची, कोळ्याची लेक. प्रल्हाद वीज कंपनीतून निवृत्त झालेले. नालासोपाऱ्यातली तळमजल्याची खोली विकून त्यांनी विरारला सतराव्या मजल्यावर फ्लॅट घ्यायचं ठरवलं होतं. उद्या अकराला करार नोंदवायचा, त्यासाठी पासपोर्ट फोटो हवे होते.

यमुनाने पर्समधून घडी घातलेलं माहितीपत्रक काढलं. 'सतराव्या मजल्यावरून दिसणारे दृश्य'. कोपऱ्यात बारीक अक्षरांत वॉल्टरचं नाव.

"तुझाच ना रे हा फोटो?"

"माझाच, मावशी."

"बगा! मी यांना तेच सांगितलं. लग्नात सगळे वरडत होते, तरी यानं यंत्र वर नेलं नाय. याचा फोटो खोटा नसनार." तिने बोट बेटाच्या पलीकडे ठेवलं. "बळीरामची होडी इथनंच येते. आता भाऊ आला का नाय, ते फोन न करता कळंल."

"बिल्डरवर नाही, वॉल्टरवर भरवसा आहे म्हणते," प्रल्हाद म्हणाले. "माझ्यावर कधी ठेवला नाही एवढा."

"तुमी कुठं उडता?"

वॉल्टर हसला. मग त्याने यमुनाला स्टुलावर बसवलं. "हनुवटी जरा खाली, मावशी." लेन्समधून ती थेट त्याच्याकडे बघत होती. सांगायचं तर आत्ताच, हे त्याला कळत होतं. त्याने बटण दाबलं. आठ-आठ प्रती काढल्या, पाकिटात घातल्या, दारापर्यंत सोडायलाही गेला.

कापलेल्या कडा गोळा करत त्याची बायको जेनिफर म्हणाली, "किती उंचीवर होतास?"

"एकशे बारा."

"म्हणजे नियमात."

"नियमातच."

तिने कडा टोपलीत टाकल्या. पुढे काही बोलली असती तर त्याला भांडता तरी आलं असतं.

मेहेर नवराबायको आगाशीच्या थांब्यावर बसची वाट बघत बसले होते. वॉल्टर धापा टाकत पोहोचला आणि उभ्या उभ्याच सांगितलं: बावन्न मीटर, टॉवर, टाक्या, एकशे बारा. मोबाइलवर त्या सकाळची उड्डाणाची नोंद उघडून दाखवली. बाकड्यावरची इतर माणसंही ऐकत होती.

यमुनाने त्या आकड्यांवर बोट ठेवलं. "म्हन्जे होडी दिसत नाय?"

"नाही, मावशी."

"मग फोटो काढताना का नाही बोललास?" प्रल्हादांनी विचारलं.

वॉल्टरने मोबाइल खिशात घातला.

"आमच्या पाव्हन्यांपुढं तुजा नियम," यमुना म्हणाली, "आनि त्या बिल्डरपुढं?"

नियम तिथेही मोडला नव्हता, हे वाक्य वॉल्टरच्या तोंडात तयार होतं. त्याचीच त्याला इतकी लाज वाटली की त्याने मान खाली घातली.

बस आली. प्रल्हाद चढले. यमुना पायरीवर थांबली. "बावन्नवरनं काय दिसतं ते मला दाव. माज्या डोळ्यांनी बगायचंय. मग ठरवू."

"उद्या सकाळी सातला बांधकामावर ड्रोन घेऊन येतो."

"जेनिफरला पन आन," ती म्हणाली आणि आत गेली.

उद्या शुक्रवार. निबंधक कार्यालयातली मेहेर दांपत्याची अकराची वेळ अजून रद्द झालेली नाही.