कमळला कुणी विचारलं नाही

नागावात आजाऱ्याला भेटायला कुणी रिकाम्या हाताने जात नाही. कमळला आतड्याचा कॅन्सर झाल्याचं कळलं आणि पडवीत शहाळ्यांचा ढीग लागला. येणारा समोर बसून एक फोडायचा, "पी गं, पोटाला थंड," म्हणायचा. ती प्यायची. जेवण जातच नव्हतं. घशाखाली उतरे ते सुनेच्या, प्राप्तीच्या हातचं अळणी; ब्लडप्रेशर होतं ना! त्यासाठीची, लघवीवाटे पाणी काढणारी गोळीही वर्षानुवर्षं चालूच होती.

घरच्या होमस्टेतल्या पाहुण्यांचा स्वयंपाक एकटीने उरकणारी ही बाई महिन्याभरात बदलली. चहाच्या पातेल्यात तिने कोकमाचं आंबट आगळ ओतलं. मुलाला, प्रणयला, 'भिकू' म्हणून हाक मारली. भिकू तिचा भाऊ, कधीच वारलेला.

"हाय खाल्लीन तिनं," शेजारची नीराबाई म्हणाली. "कॅन्सर म्हटल्यावर डोकं ठिकाणावर ऱ्हातंय व्हय?"

रक्ताच्या रिपोर्टात सोडियम कमी असल्याची ठळक खूण होती. गावातल्या डॉक्टरांनी तो चाळला, "वयोमानानं होतं," म्हणाले आणि फाइल मिटली. गोळ्या कोणत्या चालू आहेत, हे विचारायची तसदीही घेतली नाही. घरच्यांनी ठरवून टाकलं: आई भ्रमिष्ट झाली, तिला विचारण्यात अर्थ नाही.

कमळला हे सगळं ऐकू येत होतं. उलट बोलायला शब्द सापडत नव्हते, एवढंच.

ऑपरेशनआधी अलिबागच्या इस्पितळात भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं.

"गाव कोणतं?"

"नागाव," प्रणय म्हणाला.

"तुम्हाला नाही विचारलं."

"काशीद," कमळ म्हणाली. ते तिचं माहेर.

बाईंनी जुना रिपोर्ट पाहिला, रक्त पुन्हा तपासायला लावलं. सोडियम आणखी उतरलं होतं.

"हे कुणी पाहिलंच नाही? अशा रक्तावर चिरफाड केली तर जखम चिघळते, माणूस लवकर उठत नाही. कधी उठतही नाही. यांचं डोकं फिरलेलं नाही; रक्तातलं सोडियम, म्हणजे मीठ, उतरलं की माणूस असा भांबावतो. पाणी काढणाऱ्या गोळीबरोबर मीठही जातं. त्यात जेवण नाही, आहे ते अळणी, आणि वरून दिवसभर शहाळी! त्या पाण्यानं उरलंसुरलं मीठही पातळ झालं."

ऑपरेशन पुढे ढकललं गेलं. गोळी बंद झाली, पाणी मोजून मिळू लागलं, सलाईन थेंबाथेंबाने चढलं; घाई केली तर मेंदूला इजा होते.

सोडियम वर आलं, तशी कमळही. मग सर्जन आले आणि प्रणयकडे वळून म्हणाले, "काही महिने पोटावर शौचाची पिशवी लावावी लागेल. चालेल ना?"

"चालेल," प्रणय म्हणाला.

"तुझ्या पोटावर लावणार हायेत का रे?" कमळ कडाडली. "डॉक्टर, इकडं बघून बोला. ती साफ कोण करणार? चुलीपुढं उभं ऱ्हाता येईल का? काढणार कधी?"

सर्जनांनी स्टूल ओढलं आणि तिच्याकडे तोंड करून बसले. प्रणय हळूच म्हणाला, "तिला नीट कळतंय ना? मागं ती..."

"मागं तुम्ही मला पाण्यात बुडवत व्हतात. आता गप ऱ्हा."

सगळी उत्तरं ऐकून झाल्यावर तिने होकार दिला. ऑपरेशन नीट पार पडलं. पिशवी लागली. घरी आल्यावर ती पुन्हा स्वयंपाकघरात उभी राहू लागली, पण गावाच्या तोंडचं 'भ्रमिष्ट' काही सुटलं नाही.

एका दुपारी नीराबाई शहाळं घेऊन आली आणि दारातच प्राप्तीला विचारू लागली, "माणसं वळखते का गं आता?"

"नीरे," आतून आवाज आला, "ते शहाळं भायेरच ठेव. आत ये नि मला विचार."