खडेबाजारात आक्काची वाइन

निपाणीहून बेळगावला जायचं असेल तर सकाळची पहिली सर्व्हिस मोटार धरा आणि ड्रायव्हरच्या मागचा बाक पकडा. मागं बसलात तर संकेश्वर येईपर्यंत कंबर ढिली होते. माझी झाली. त्यात शेजारचा गडी काकतीपर्यंत माझ्या खांद्यावर घोरत होता. बेळगावात उतरलो तेव्हाच डोकं तापलेलं होतं, हे आधीच सांगून टाकतो.

जायचं कारण माझी थोरली बहीण, आक्का. खानापूरला एकटी राहते. मेहुणे लोंढ्याला लाकडाच्या वखारीत होते, तेव्हा शेजारच्या गोव्याच्या बाईकडून ती जांभळाची वाइन करायला शिकली. मेहुणे वारले आणि दिरानं बजावलं, "यंदा तुझ्या बरण्या खपल्या न्हाईत तर घराला कुलूप घाल आन् आमच्याकडं भाकऱ्या थापायला ये." म्हणून खडेबाजारातल्या एका परवानेवाल्या दुकानदाराला वाइन चाखवायची ठरली. कॅम्पातल्या गोऱ्या साहेबांना माल तोच पुरवतो.

आक्का खानापूरहून रेल्वेनं आली, मांडीवर बरणी घेऊन. स्टेशनाबाहेरच तिनं मला वाटीत घोटभर दिली. मी तंबाखूच्या वखारीत वास घेऊन माल निवडतो, नाकावरच माझं पोट आहे. आधी वास घेतला, मग घोट तोंडात फिरवला. आंबट म्हणावं तर गोडी आहे, गोड म्हणावं तर मागून जांभळाचा तुरटपणा येतोय, आणि गिळल्यावर घशात नुसती ऊब. कोणी कोणाच्या वरचढ नाही. चांगल्या आमटीतली चिंच आणि गूळ वेगळे काढता येत नाहीत, तसं. मी म्हणालो, "आक्का, काम झालं बघ." आक्का लाजली.

खडेबाजारात जाल तर खानावळीत झुणका-भाकरी खा, दोन आण्यांत पोट भरतं. मी खाणार होतो, पण आधी दुकानात गेलो. मालकांना सगळे आप्पा म्हणतात. माणूस अगत्याचा, तिथंच घात झाला. "पयल्यांदा तोंड गोड करा," म्हणत त्यांनी द्रोणभर कुंदा पुढं केला. खवा, साखर, वर तूप. आम्हाला दिला आणि स्वतः दोन द्रोण चापले. बोटं चाटली आणि त्याच तोंडानं वाइनचा घोट घेतला.

"चिंचेचं पाणी हाय की हे," आप्पा म्हणाले.

आता असल्या गोडावर अमृत दिलं तरी आंबटच लागणार. मी शांतपणे म्हणालो, "आप्पा, चूळ भरा, कोरडी भाकरी चावा, मग घ्या."

"आमच्या दुकानात येऊन आमालाच खायला शिकवता व्हय? साहेबाला गोड लागतंय. मला म्हाईत हाय."

"तुमच्या जिभेवर खव्याचा लेप बसलाय," मी म्हणालो, आणि ते शांतपणे म्हणालो नाही. गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. आप्पांनी बरणीला झाकण लावलं आणि ती आमच्याकडं सरकवली.

तेवढ्यात आक्का म्हणाली, "काकवी हाय का?"

उसाची दाट काकवी आली. आक्कानं पेल्यात ओतली, ढवळली, अजून ओतली. आप्पांनी चाखलं, मान डोलावली. "आता कसं." असतील तेवढ्या बरण्या घेतो म्हणाले, पुढल्या सालच्यासुद्धा.

बाहेर आल्यावर मी भर रस्त्यात आक्कावर ओरडलो. ती म्हणाली, "शिवा, तुझ्या जिभेवर माझी चूल पेटत न्हाय रं." झुणका-भाकरी राहूनच गेली. दुपारच्या गाडीनं मी तिच्याबरोबर खानापूरला गेलो.

आता निपाणीला परत येऊन आठवडा झाला. मला तिच्या दिराचा राग आहे, आप्पांचा तर आहेच. पण आक्का आज स्वतःच्या घरात राहते, ती त्या काकवीमुळं, आणि हे मला अजून गिळवत नाही. त्या दिवशी खानापूरला पोचल्या पोचल्या ती एकेका बरणीत काकवी ओतायला बसली होती. मी म्हणालो, "एक तरी तशीच ठेव. आपल्यापुरती."

"एक चांगली ठेवली, तर बाकीच्यांत काकवी घालायला माझा हात जायचा न्हाय," ती म्हणाली, आणि शेवटच्या बरणीचं झाकण काढलं.