दीड तासाचा गळा

बुवांनी फोनवर एकच अट घातली होती. "सर, माझा गळा आता दीड तासच उघडा राहतो. साडेसहा म्हणजे साडेसहाला गाणं." मी निवृत्त मास्तर, शब्द देताना मागंपुढं बघायची सवय नाही. "हाव बुवा, काळजीच करू नका."

अठ्ठ्याहत्तरी ओलांडलेल्या, देशभर नाव असलेल्या गायकाचा हा दौरा दोनच गावांचा होता, नांदेड आणि लातूर. दोन्हीकडे सूत्रसंचालन माझ्याकडे.

नांदेडला बुवा सव्वासहालाच गळा तापवून विंगेत तयार. मग आपल्याकडे जे होतं ते सुरू झालं. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, अध्यक्षांचा सत्कार, अध्यक्षांचा सत्कार करणाऱ्यांचा सत्कार. हॉलला पंखे देणाऱ्यालाही शाल. एवढ्यावर भागलं असतं, पण बुवांचं मानपत्र मी स्वतः लिहिलेलं होतं. चार पानं. चारही वाचली. तिसऱ्याला टाळ्या पडल्या म्हणून ते पुन्हा वाचलं.

पावणेआठला बुवा गायला बसले. वरचा षड्ज जवळ आला की ते नुसता हात वर करत आणि पेटीवाला तो सूर भरून काढी. चाळीस मिनिटांत त्यांनी भैरवी घेतली. घरी बायको म्हणाली, "आज कार्यक्रम बुवांचा होता होय? मला वाटलं तुमचाच."

दुसऱ्या दिवशी लातूरला जाताना अहमदपूरला चहासाठी गाडी थांबवली. मी माफी मागितली. बुवांनी बशीत चहा ओतला. "मानपत्र चांगलं होतं. त्यातला माणूस आवडला मला. अजून गातो का तो?" मग हसू आवरून म्हणाले, "आज वरचा सा लागला तर पुढं गाईन. नाही लागला तर लातूर शेवटचं."

लातूरच्या मंडळाकडे चौदा सत्कारांची यादी तयार होती. "माझ्याकडं द्या, मी बघतो," म्हणून ती मी खिशात घातली. साडेसहाला पाच कमी असताना बुवांना पडद्यामागं बसवलं, तानपुरे सुरू करायला लावले आणि ठरल्या वेळेला पडदेवाल्याला म्हणालो, "उघड." बुवांनी डोळे मिटून सा लावला.

मंडळाचे अध्यक्ष हातावर शाल घेऊन व्यासपीठाची पायरी चढत होते. "सर, हे काय लावलंय? साडूला सोलापूरहून बोलावलंय सत्काराला!"

"साहेब, गाणं चालू झालं. बसा."

"कुठं बसू?"

"इथंच."

ते पायरीवर बसले, शाल मांडीवर. मीही शेजारी बसलो; उठायला लागले तर धरता यावं म्हणून.

तासाभरानं बुवा वर चढू लागले. पेटीवाल्यानं सवयीनं बोटं पुढं केली. बुवांनी त्याला थांबवलं. सूर लागला. पातळ होता, जरा थरथरला, पण त्यांचाच होता आणि टिकला. अध्यक्ष माझ्या कानाशी म्हणाले, "लईच हो!" आणि लगेच, "आता तरी शाल?"

गाणं संपल्यावर चौदाही सत्कार झाले. बुवा मान डोलवत बसून राहिले. बोलायला गळा उरलाच नव्हता. निघताना गाडीची काच खाली करून जेमतेम ऐकू येईल असं म्हणाले, "उदगीरवाले बोलावतायत. येतो म्हणून कळवतो."

"मी येऊ ना, बुवा?"

"या की. श्रोता म्हणून या."