चित्रमहालातली रिकामी मांडी

आधीच सांगते, मी देवाला हात जोडते ते सवयीनं. मांजर आडवं गेलं तर गाडी थांबवते, पण मांजर मरू नये म्हणून. तेव्हा खाली "मनाचे खेळ", "हार्मोन्स" वगैरे लिहिणार असाल तर कष्ट घेऊ नका... ते सगळं मी स्वतःला सांगून झालंय.

माझं काम भित्तिचित्रांच्या संवर्धनाचं. म्हणजे जुनी चित्रं साफ करायची, सुटलेला रंग बसवायचा आणि स्वतःची कलाकारी अजिबात दाखवायची नाही. राहायला कर्वेनगर. पुण्यातच नदीच्या अंगाला एका जुन्या संस्थानिकांचा राजवाडा आहे. नाव सांगणार नाही. ओळखलात तर मनात ठेवा. त्याच्या पहिल्या मजल्यावर चित्रमहाल. भिंतभर कृष्णाच्या लीला – तुरुंगातला जन्म, यमुनेतून टोपली नेणारा वसुदेव, शकटासुर, कालियामर्दन. रंग अजून झगझगीत. फक्त यमुनेच्या पुढची एक चौकट पांढरीफटक. त्या घरच्या सुना दर दसऱ्याआधी तेवढ्याच चौकटीवर चुन्याचा हात मारायच्या.

"का?" म्हणून मालकीणबाईंना विचारलं. त्यांना सगळे बाईसाहेब म्हणत.

"रीत आहे आमची. पण आता काढा तो चुना. पुष्कळ झालं."

बाईसाहेबांचं एकच दुखणं होतं, सून. लग्नाला वर्षं लोटली, मूल नव्हतं. ती बिचारी आमच्यासाठी चहा आणायची आणि बाईसाहेब आमच्यादेखत म्हणायच्या, "ठेव तिथे. तेवढं तरी नीट कर." माझी तळपायाची आग मस्तकात जायची. कारण त्या वाटेनं मी पण गेले होते. किती डॉक्टर, किती इंजेक्शनं... आणि त्याच सुमारास मला दिवस राहिले होते! आईची सक्त ताकीद, तीन महिने भरेपर्यंत कुणाजवळ बोलायचं नाही. म्हणून नवरा निखिल आणि आई सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं.

स्काल्पेलनं चुन्याचा एकेक पापुद्रा काढत गेले. खालून बाई आली. काय सुंदर बाई! नाकात नथ, हिरवी साडी, पदर बाजूला सारलेला, एक हात बाळ धरावं तसा दुमडलेला. आणि मांडी रिकामी. रंग उडालेला म्हणाल तर तसं नव्हतं, साडीच्या चुण्या मांडीवर पूर्ण रेखलेल्या होत्या.

"यशोदा," आमचे प्रोजेक्ट हेड शिरीष सर म्हणाले. "बाळाची वाट बघणारी. अशी मी कुठेच पाहिली नाही." आम्ही फोटो काढले. ते रोज काढायचेच असतात.

शुक्रवारी बाईसाहेब ताट घेऊन आल्या. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी. "इतक्या वर्षांनी प्रकटल्यात. ओटी भरायला हवी. तुम्हीच भरा."

सून तिथेच उभी होती. मी म्हटलं, "अहो, घरच्या सूनबाई आहेत की."

"तिच्याकडे आहे काय द्यायला?"

सुनेनं मान खाली घातली. वाद वाढला तर तिलाच ऐकावं लागेल, म्हणून मी ताट घेतलं. चित्राला कुंकवाचा कणसुद्धा लागता कामा नये, एवढी अट घातली. भिंतीखालच्या पाटावर ओटी ठेवली. काही झालं नाही. ना वारा सुटला, ना दिवा फडफडला.

पुढच्या आठवड्यात चित्रातल्या बाईची पावलं चुन्यातून मोकळी झाली. गिधाडाची नखं! सर कपाळावर हात मारून हसले, "अहो, यमुनेनंतर आणि शकटासुराच्या आधी कोण येणार? पूतना! आपण यशोदा करून बसलो." मीही हसले.

त्यानंतरच्या सोनोग्राफीत ठोके नव्हते. डॉक्टर म्हणाल्या, होतं असं, तुमचा दोष नाही. आईनं विचारलं, "कुणाला बोलली होतीस का?" मी तिच्या अंगावर ओरडले. मग तिच्याच कुशीत शिरून रडले.

मी कामावर परतले तेव्हा पूतनेच्या मांडीवर बाळ होतं.

कुणी तरी आगाऊपणा केला असेल म्हणून आधी सगळ्यांवर तोंड सोडलं. सरांनी नमुना तपासायला पाठवला. रंग तोच, तितकाच जुना. मांडीवरच्या जुन्या तड्याची रेघ बाळाच्या पाठीवरून सरळ वर गेलेली. जुने फोटो उघडले, त्यात मांडी रिकामी. सर म्हणाले, "उजेडाचा घोळ असेल," आणि तो विषय त्यांनी कायमचा बंद केला.

राजवाड्यातलं काम संपलं. पुढे वर्षभरानं बाईसाहेब स्वतः माझ्या घरी पेढे घेऊन आल्या. नातू झाला होता.

"तिची मांडी भरली की ती आमच्या घरात हात घालत नाही," सोफ्यावर बसून त्या शांतपणे म्हणाल्या. "पण द्यायला काही असणारीच बाई लागते."

"मला दिवस गेलेत हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"बाईमाणसाला सांगावं लागतं होय? पेढा घ्या."

मी त्यांना हाताला धरून घराबाहेर काढलं. डबा जिन्यात फेकला. त्या कठड्याला धरून हळूहळू उतरल्या, एकदाही वर न बघता.

राजवाडा आता तिकीट लावून दाखवतात. मी जाते अधूनमधून, निखिलला न सांगता. त्या भिंतीवरचा प्रत्येक कृष्ण निळा आहे. हे बाळ गव्हाळ आहे, निखिलसारखं. गोष्टीत पूतना मरते. भिंतीवर ती मजेत बसलीय. कुणाकडे उत्तर असेल तर द्या, मला मिळालेलं नाही. महालात कुणी नसलं की मी जवळ जाऊन हळूच हाक मारते. आम्ही ठरवलेल्या नावानं.

ते बघत नाही. दूध पिता पिता तिच्याकडे बघून हसत असतं.