रेघेपाशी बसू नका

महाशिवरात्र झाली की आमच्या गावची पोरं माझ्या ओसरीवर येऊन बसतात. "काका, सामन्याला निघालोत. काय काय ध्यानात ठिवावं, सांगा." सामना म्हणजे कबड्डीचा, कुरुंद्याच्या पल्याडच्या एका गावच्या जत्रेतला. गावाचं नाव सांगत नाही, माझी बहीण तिथं नांदते. आमचं गाव कळमनुरीच्या अंगाचं. दोन्ही गावांचं कबड्डीवरून वाकडं आहे, ते कधीपासून हे कुणालाच ठाऊक नाही. मी पुष्कळ सालं टेम्पो भरून माणसं नेली, म्हणून सल्ला मलाच विचारतात. खरं सांगतो, आता जीव कंटाळलाय. दरसाल मी तेच सांगायचं आणि दरसाल त्यांनी न ऐकता मार खाऊन यायचं.

तरी सांगतो. टेम्पोचं तोंड आधी सडकेकडं करा, मग खाली उतरा. चपला पायातच ठेवा. बुडाखाली घेऊन बसाल तर पळायच्या वक्ताला एक तुमची नि एक दुसऱ्याची घालाल. पहिला गुण त्यांनी घेतला तर टाळी वाजवा, मयतीला आल्यागत बसू नका. माइकवरचा माणूस त्यांचाच असतो, तो आपल्या गड्यांची टर उडवणारच, हसून घ्या. पंचाला शिवी देऊ नका, तो कुणाचा ना कुणाचा मामा निघतो. हलगी घरी ठेवा. आणि रेघेपाशी बसू नका.

"काहून, काका? रेघेपासून तं बराबर दिसते," एखादा हटकून विचारतो.

"दिसते म्हणूनच," मी म्हणतो आणि आत चहा टाकायला सांगतो.

ते 'म्हणूनच' मी आजवर कुणापुढं फोडून सांगितलं नाही.

नव्वदनंतरची सालं होती. बहिणीला त्या गावात दिली तेव्हा मला मोठी अक्कल सुचली. मैदानावर जायच्या आधी तिच्या दारात जायचं आणि सगळ्यांनी पाणी प्यायचं. लेकीच्या घरचं पाणी प्यालेला माणूस पाहुणा होतो, मग त्याच्यावर हात कोण टाकतो? पंचवीस जणांची पंगतच बसायची तिच्या दारात. हळद शिजवायचे दिवस, तिचे हात कोपरापर्यंत पिवळे. तशाच हातांनी तांब्यामागून तांब्या आणून द्यायची बिचारी. एवढं पाणी आणते कुठून, हे विचारायची बुद्धी मला झाली नाही.

एका साली आम्ही जिंकलो. पोरांनी हलगी काढली आणि नाचत नाचत थेट तिच्या दारात आणली. मीही नाचलो, गाढवासारखा. ती उंबऱ्यात उभी राहून हसत होती. मला वाटलं, खूश आहे.

दिवाळीला माहेरी आली ती वाळलेली. मायनं खोदून खोदून विचारलं तेव्हा बोलली. त्यांच्या आळीला मिळून एकच हापसा. सामन्याच्या दुसऱ्या दिवसापासून बाया तिची घागर उचलून मागं ठेवायच्या. "तुझ्या भावायला पाजलंस न्हवं मस्त? आता थांब जराशी." उन्हाळाभर असं चाललं. पहाटं गेलेली ती दहाला घरी यायची, मग सासू तोंड सोडायची. नवऱ्याला चावडीवर 'सासरवाडीचा गडी' म्हणून चिडवायचे, त्याचा राग तो हिच्यावरच काढायचा. नुसता तोंड दाबून बुक्क्यांचा मार. आणि आम्ही इकडं जिंकलेली ढाल ग्रामपंचायतीत टांगून वर्षभर फुगलेलो.

"दादा, औंदा येऊ नका," ती मला म्हणाली. "अन् आलातच, तं हरा तरी."

"मी थोडाच खेळतो, बाई?"

"न्हाईच खेळत. मी हाये ना हापश्यावर," असं म्हणून ती भांडी घासायला गेली.

तरी आम्ही गेलोच. टेम्पो ठरवणारा मी, मीच मागं राहिलो तर कारण काय सांगायचं? एवढं केलं की हलगी गावात ठेवली आणि तिच्या दारात कुणाला नेलं नाही. मैदानावर मला जागा मिळाली ती बाजूच्या रेघेला चिकटून.

शेवटच्या चढाईला गुण सारखे होते. आमच्याकडून माझा चुलतभाऊ गेला. त्याच्यासारखा चढाईचा गडी आसपासच्या गावांत नव्हता. त्यानं एकाला शिवलं आणि रेघेच्या कडेकडेनं पळत माघारी आला. पाय आत असला तर आम्ही जिंकलो, बाहेर असला तर ते. फक्कीची रेघ तुडवून तुडवून पुसट झालेली. ते म्हणाले भाईर, आमचे म्हणाले आत. माणसं उठली, बाह्या वर सरल्या. पंच म्हणजे एक म्हातारे मास्तर, बहिणीच्याच आळीतले. त्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि माझ्यापुढं येऊन उभे राहिले.

"पाहुणे, पाय तुमच्या गुडघ्यापाशी पडला. बहिणीच्या गावात माणूस लबाड बोलत न्हाई. तुमी म्हणाल ते दोन्ही गावाला मंजूर. सांगा, आत का भाईर?"

पाय आत होता. चांगला चार बोटं आत. त्याच्या टाचेच्या भेगा दिसाव्यात इतक्या जवळून मी पाहिला होता. चुलतभाऊ कमरेवर हात ठेवून धापा टाकत होता आणि माझ्याकडं बघून हसत होता. त्याच्या लेखी निकाल लागलाच होता. समोर बायांच्या घोळक्यात सगळ्यात मागं माझी बहीण उभी होती, कडेवर लेकरू.

"भाईर," मी म्हणालो.

टेम्पो माघारी निघाला. गाव जवळ आलं तसा चुलतभाऊ सरकून माझ्याजवळ आला.

"दादा, खरंच भाईर व्हता का रं?"

"व्हय."

"मला आत वाटला गड्या. पण तू जवळून पाह्यलास, तू म्हणतोस तं असंल." मग बराच वेळ तो स्वतःच्या पायाकडं बघत बसला. त्यानंतर तो खेळायला उतरलाच नाही. पोरांनी लई विनवण्या केल्या. म्हणाला, "माझ्या पायाचाच मला भरवसा न्हाई राह्यला." मला तेव्हा खरं बोलता आलं असतं. नाही बोललो. लाज वाटते, अजून वाटते.

पुढच्या दिवाळीला बहीण आली ती अंगानं जरा भरलेली. चुलतभाऊही फराळाला आमच्याकडंच होता. माय म्हणाली, "हापश्यावरची तकलीफ मिटली का गं, बाई?"

"मिटली, माय. आता पहिली घागर माझीच लावतेत," ती म्हणाली. ताटातल्या करंजीचे तिनं उगीच तुकडे केले, माझ्याकडं काही बघितलं नाही. "बाया म्हणतेत, हिच्या भावासारखा खरा माणूस पाह्यला न्हाई. सोताच्या गावाला हरवलं, पण लबाड बोलला न्हाई."

"आपला दादा हायेच तसा," चुलतभाऊ म्हणाला आणि त्यानं आपल्या ताटातला अनारसा उचलून माझ्या ताटात ठेवला.