डबा रिकामा आला तर

आमच्या ऑफिसातल्या गोष्टी कुणी विचारल्या की माझी पंचाईत होते. एक सांगायला घ्यावी तर मागून चार येतात, आणि त्या चारांतही शेवटी आबाच निघतात.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी जळगावच्या एका रक्तदाता मंडळात कॉम्प्युटर ऑपरेटर होते. मशीनमध्ये दात्यांची यादी होती. नाव, पत्ता, रक्तगट, शेवटचं रक्तदान कधी. दवाखान्यातून फोन आला की मी नावं काढून द्यायची. आबा आमचे सचिव. पन्नाशीतले, सकाळच्या शाळेचे हेडमास्तर, दुपारनंतर मंडळात. कॉम्प्युटरमध्ये यादी चढली त्याच आठवड्यात त्यांनी दात्यांचे सगळे कागदी फॉर्म रद्दीत घातले. "आता कागद कशाला?" म्हणाले. म्हणजे जे काय होतं ते त्या मशीनमध्ये आणि माझ्या फ्लॉप्यांवर.

*

पहिली चूक माझीच. ती लपवणार नाही.

एकदा मशीन अडलं म्हणून मी बॅकअपच्या फ्लॉप्यांवरून यादी परत चढवली. पण घाईत हातात जुना संच आला. सगळ्यांच्या रक्तदानाच्या तारखा तीन महिने मागे गेल्या. आठ दिवसांपूर्वी रक्त दिलेल्या वरणगावच्या एका कामगाराला आम्ही पुन्हा बोलावलं. तो बिचारा बस बदलून आला.

"ताई, मागच्याच आठवड्यात दिलंय," तो बाही वर करत म्हणाला. "पाहिजे तर घ्या. पण या खेपेला बिस्किटं तरी ताजी द्या."

आबांनी त्याच संध्याकाळी भिंतीवर कागद चिकटवला: 'परवानगीशिवाय रिस्टोअर करू नये.' आणि परवानगी ते कधीच द्यायचे नाहीत. माझं म्हणणं, बॅकअप घेऊन तो परत चढतो का ते पाहायचंच नाही, म्हणजे लोणच्याची बरणी वर्षभर उघडायची नाही आणि लोणचं छान मुरलंय म्हणायचं. आबा म्हणाले, "इथल्या मशीनवर तुझे प्रयोग नकोत."

ठीक. इथल्या मशीनवर नकोत ना? मग धुळ्याच्या मशीनवर करू.

*

धुळ्याला आमची शाखा होती. तिथे शकीलभाई ऑपरेटर. मशीन आमच्यासारखंच. दर शनिवारी मी बॅकअपच्या तीन फ्लॉप्या बिस्किटांच्या चौकोनी पत्र्याच्या डब्यात घालायची आणि धुळ्याच्या एसटीत कंडक्टर नानांच्या हाती द्यायची. शकीलभाई ती यादी तिकडे चढवून बघायचे आणि सोमवारी डबा परत पाठवायचे. फ्लॉप्या माझ्या पैशाच्या, शनिवारची दुपार माझ्या सुट्टीची. आबांना विचारायचा प्रश्न कुठे आला?

नानांनी पहिल्या दिवशी डबा हलवून पाहिला. "ताई, खावानं काय शे का यामा?"

म्हटलं, "खायचं नाही नाना. जळगावातल्या सगळ्या रक्तदात्यांची नावं आहेत."

"बठ्ठं जळगाव डबामा शे?" नाना म्हणाले. "मंग तिकीट काढनं पडी."

*

फोन महाग, म्हणून शकीलभाईंनी खूण ठरवली. यादी नीट चढली तर परतीच्या डब्यात शेवेची पुडी. नाही चढली तर डबा रिकामा.

एका सोमवारी डबा रिकामा आला. मी नवीन फ्लॉप्या आणल्या, बॅकअप पुन्हा घेतला, पाठवला. पुन्हा रिकामा. तिसऱ्यांदा घेतला. दोन आठवडे मी धड जेवले नाही. तिसऱ्या सोमवारी डब्यात चिठ्ठी आली.

'ताई, तिन्ही वेळा बॅकअप उत्तम चढला. घरी पाहुणे आहेत, शेव उरत नाही.'

*

मे महिन्यात नव्या कंडक्टरने डबा इंजिनाच्या झाकणावर ठेवला. एक तर आपल्याकडचं ऊन, त्यात इंजिन. फ्लॉप्या पापडासारख्या वाकून आल्या. नेमक्या त्या आबांच्या हाती पडल्या आणि डब्याचं गुपित फुटलं.

"बंद कर हे," आबा म्हणाले. "आपला बॅकअप माझ्या कपाटात सुरक्षित आहे."

ते कपाट मला चांगलं ठाऊक होतं. दर महिन्याला मी एक संच आबांना द्यायची. आबा प्रत्येक फ्लॉपीला हळदकुंकू लावून तो कुलपात ठेवायचे. कुंकू वरच्या कागदावर लावतील तर शपथ! मधल्या उघड्या फटीत, जिथे आतली चकती दिसते, बरोब्बर तिथे.

मी म्हटलं, "आबा, अशाने त्या मशीनला वाचता येणार नाहीत."

आबा शांतपणे म्हणाले, "वाचायला कुठे ठेवल्यात? सुरक्षित राहायला ठेवल्यात."

मी पुढच्या शनिवारी डबा पाठवला. नानांची गाडी बघून पाठवला, एवढाच फरक.

*

आणि मग तो मंगळवार. दुपारी वीज गेली, आली, पुन्हा गेली आणि परत आली तेव्हा मशीन कायमचं बसलं होतं. मेकॅनिक डिस्क गेली म्हणाला. तेवढ्यात दवाखान्यातून फोन आला. फैजपूरकडची एक बाळंतीण, रक्त थांबत नाहीये, ओ निगेटिव्ह हवं, रक्तपेढीत एकही बाटली नाही.

मेकॅनिकने स्वतःचं मशीन आणलं होतं. आबांनी कपाट उघडलं. पहिली फ्लॉपी वाचली गेली नाही. दुसरी नाही. तिसरीने ड्राइव्हच अडकवला. आबांच्या बोटांना कुंकू लागलं होतं आणि ते बोटांकडेच बघत बसले होते.

मी त्यांच्यासमोर धुळ्याला एसटीडी लावला. "शकीलभाई, शनिवारचा डबा?"

"चढवलाय ताई. समोरच आहे. बोला."

"जळगाव शहर, ओ निगेटिव्ह."

"चार नावं," शकीलभाई म्हणाले. पहिल्याने महिन्यापूर्वीच रक्त दिलेलं. दुसऱ्याची बदली झालेली. तिसऱ्याच्या घरी फोन लावला, तो लग्नाला गावी गेलेला. चौथं नाव मी कागदावर लिहिलं आणि कागद आबांपुढे सरकवला.

आबांनी वाचलं. "मी कधी फॉर्म भरला?"

"कॉम्प्युटरच्या उद्घाटनाला. फोटो काढायचा होता ना."

"आणि शेवटचं रक्तदान?"

"तो रकाना रिकामा आहे, आबा."

आबा भिंतीवरच्या कागदाकडे बघत राहिले. मग मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

"माझी परवानगी नसताना तू दर आठवड्याला रिस्टोअर करत होतीस?"

"हो. येत्या शनिवारीही करणार."

बाईमाणसाच्या मागे गाडीवर जन्मात न बसलेले आबा बाही दुमडत उठले आणि म्हणाले, "आधी तुझी मोपेड काढ."